बाल्कनीतली सदाफुली आणि सलाईनमधली सदाफुली

"लिम्फोमा आहे," डॉक्टर सान्याल म्हणाले. माझा नवरा अविनाश माझ्या शेजारच्या खुर्चीत होता. त्याने बायोप्सीचा कागद उचलला, चष्मा कपाळावर सरकवला आणि एकेका ओळीवरून बोट फिरवत सगळा कागद वाचला. अविनाश कस्टम्समध्ये आहे. खिदिरपूरच्या गोदीत उतरणाऱ्या मालाचे कागद तपासणं हे त्याचं काम. बायोप्सीच्या कागदातही तो चूक शोधत होता. ती काही सापडली नाही.

लिम्फोमा म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर. बायोप्सी म्हणजे गाठीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणं. अविनाशच्या मानेवरच्या गाठीला आम्ही दोन महिने दाढेची सूज समजून मिठाच्या गुळण्या करत बसलो होतो. हे सगळं फोड करून सांगते आहे, कारण आम्हाला ते कुणी सांगितलं नव्हतं. मी गणिताची शिक्षिका आहे आणि माझा स्वभाव चिडका आहे. ज्यांच्या घरी हे दुखणं आलं आहे त्यांनी पुढचं वाचावं, पण धीराच्या गोड शब्दांची अपेक्षा ठेवू नये.

डॉक्टर एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलले. "हा प्रकार बरा होऊ शकतो. पण केमो दर एकवीस दिवसांनी झालीच पाहिजे. मध्ये खंड पडला तर गाठ पुन्हा डोकं वर काढेल." मी ते वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या.

पहिल्या केमोच्या दिवशी मी विचारलं, ह्या बाटल्यांमध्ये आहे तरी काय? केमो म्हणजे कॅन्सरच्या पेशी मारणारी औषधं, एवढंच मला ठाऊक होतं. डॉक्टर त्या दिवशी खुशीत होते. त्यांनी चार-पाच औषधांची नावं घेतली आणि व्हिन्क्रिस्टिनपाशी थांबले. "नयनतारा चेनेन?" नयनतारा ओळखता का, असं बंगालीत विचारून त्यांनी फोनवर फोटो दाखवला. पाच पाकळ्यांचं गुलाबी फूल. आमच्या बाल्कनीत त्याच फुलाची कुंडी होती. सदाफुली! बदली होईल तिथे आम्ही ती कुंडी नेतो, कारण देवाला बारा महिने फूल मिळतं.

"हे औषध मुळात ह्या झाडातून मिळालं," डॉक्टर म्हणाले. "कॅन्सरची आणखीही काही औषधं झाडांनीच दिली आहेत. झाडांना कमी समजू नका."

किती दिवसांनी मला काहीतरी चांगलं ऐकायला मिळालं होतं. घरी येऊन मी कुंडीचा फोटो काढला आणि आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "देवाला वाहतो तेच फूल अविनाशला बरं करतंय." हात जोडल्याची चित्रं, अंगठे, बदाम, सगळं भरभरून आलं. बजबजपासून न्यू टाउनपर्यंत जेवढी मराठी घरं आहेत, त्यांनी तो फोटो पुढे पाठवला. सांगलीला अविनाशच्या मोठ्या बहिणीलाही मीच पाठवला.

आठवड्याभरात ताई आल्या. त्यांनी अविनाशला आईसारखं वाढवलं आहे. त्यांनी स्वयंपाकघर आणि देवघर ताब्यात घेतलं, आणि खरं सांगायचं तर मी सुटकेचा निःश्वास टाकला. मी सकाळी सातला शाळेत जायला निघायचे. त्या फुलं काढायच्या, पूजा करायच्या, त्याला मऊ भात भरवायच्या.

पहिली केमो त्याने बरी सोसली. दुसऱ्या केमोनंतर दहाव्या दिवशी तो बाथरूमच्या दारात कोसळला. उलट्या, ताप, ब्लड प्रेशर पार खाली. आम्ही त्याला हॉस्पिटलात नेलं.

सीबीसी म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी. त्यात पांढऱ्या पेशी जवळजवळ संपलेल्या. एलएफटी म्हणजे यकृत किती नीट चाललं आहे त्याची तपासणी. तिचे आकडे कुठल्या कुठे गेलेले. डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या. "पेशी केमोने कमी होतात. पण हे यकृत? आर किछु खाच्छेन ना तो? आणखी काही घेत नाही ना? दुसरं काही औषध?"

"नाही," अविनाश म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ज्युनियर डॉक्टरने विचारलं. नाही. नर्सने फॉर्म भरताना विचारलं. नाही. दर वेळी मीही शेजारून मान हलवली.

यकृत सुधारेपर्यंत तिसरी केमो पुढे ढकलली. वहीतल्या दोन रेघा मला डोळ्यांसमोर दिसायला लागल्या आणि माझा तोल गेला. वॉर्डच्या बाहेर, सगळ्यांसमोर, मी डॉक्टर सान्यालांवर ओरडले. तुमचा डोस चुकला. पेशंटला पाच मिनिटं देता आणि वर आम्हालाच उलट विचारता. ते शांतपणे म्हणाले, "डोस मी दोनदा तपासला आहे. तुम्ही घरी जाऊन पुन्हा विचार करा." ह्या उत्तराचा मला आणखी राग आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळीसाठी घरी आले. टॉवेल वाळत घालायला बाल्कनीत गेले आणि कुंडीपाशी थांबले. सदाफुलीला फुलं होती, पण पानं नव्हती. नुसत्या काड्या आणि टोकाला गुलाबी फुलं. शेजारच्या कुंडीत लावलेलं तिचंच दुसरं रोप तर मुळासकट उपटलेलं.

"ताई, पानं कुठे गेली?"

त्या पोळ्या लाटत होत्या. लाटणं न थांबवता म्हणाल्या, "काढा करून देत होते अविला. तू शाळेत गेलीस की. उपाशीपोटी."

"काय?"

"अगं, तूच नाही का फोटो पाठवलास? औषध ह्याचंच आहे म्हणून? तिथे बाटलीतनं देतात, मी घरचं ताजं दिलं. डॉक्टर एकवीस दिवसांनी देतात, मी म्हटलं रोज दिलं तर लवकर बरा होईल."

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. पोळी तव्यावर जळत होती आणि मी बोलत होते. मला वाटलं होतं त्या उलट उत्तर देतील. त्या खाली बसल्या आणि एवढंच म्हणाल्या, "पोराला माझ्याच हाताने पाजलं गं मी."

माझा फोन ओट्यावर होता. त्यात तो फोटो होता आणि त्याखाली माझंच वाक्य. ज्या माणसावर ओरडायला हवं होतं ती मीच होते.

हॉस्पिटलात परत गेले ती थेट अविनाशच्या पलंगापाशी. "तीन वेळा विचारलं तुला. तीन वेळा नाही म्हणालास. कंटेनरमध्ये एक खोकं जास्त सापडलं तर समोरच्याला दिवसभर उभा करतोस ना तू? आणि स्वतःच्या पोटातला माल लपवलास?"

तो भिंतीकडे बघत म्हणाला, "लपवला नाही गं. त्यांनी औषध विचारलं. काढा म्हणजे काय औषध आहे? घरचंच असतं ते." मग माझ्याकडे वळून, "तुला सांगितलं असतं तर तू ताईला बोल बोल बोलली असतीस. तिला तेवढंच एक करता येत होतं माझ्यासाठी."

हे खरं होतं. माझ्या तोंडाला घाबरून माझ्या घरात दोन माणसं माझ्यापासून चोरून काढा उकळत होती.

मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. आधी माफी मागितली. ते चिडले नाहीत, त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "सदाफुलीच्या पानात एकच औषध नसतं," ते म्हणाले. "कितीतरी रसायनं असतात, काही चक्क विषारी. ढीगभर पानांतून चिमूटभर औषध निघतं. ते वेगळं काढून, वर्षानुवर्षं तपासून, माणसाच्या अंगाच्या हिशेबाने मोजून आम्ही देतो, तरी मला भीती वाटते. व्हिन्क्रिस्टिन शरीराबाहेर टाकायचं काम यकृतच करतं, आणि तुम्ही यकृतावरच घाव घातलात. सगळं काढ्यानेच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही. पण त्याचा हात नाही असंही म्हणणार नाही."

मग मी त्यांनाही सुनावलं, हळू आवाजात. "तुमचा फॉर्म विचारतो, दुसरं औषध घेता का. आमच्याकडे काढ्याला कुणी औषध म्हणत नाही. सकाळी उठल्यापासून काय काय पिता, असं विचारा. आणि झाडाचं कौतुक सांगताना त्याच वाक्यात सांगा की घरी उकळू नका." त्यांनी फॉर्म हातात घेतला. "हे माझं चुकलं," म्हणाले, आणि फॉर्मच्या मार्जिनमध्ये त्यांनी काहीतरी लिहिलं.

तिसरी केमो सोळा दिवस उशिरा झाली. ते सोळा दिवस मी रोज त्याच्या मानेला हात लावून बघत होते. गाठ वाढली नाही. ही आमची पुण्याई नव्हे, नशीब. केमोच्या दिवशी नर्सने विचारलं, सकाळपासून काय काय घेतलं? प्रश्न बदललेला होता. अविनाशने खिशातून कागद काढला. गोदीतल्या कागदांवर असतं तसं वळणदार अक्षर, अनुक्रमांकासकट. चहा, साखर एक चमचा. च्यवनप्राश, बंद केला. अंगारा, पाण्यातून, एकदा. शेवटी: सदाफुलीचा काढा, एकोणीस दिवस. त्याखाली त्याची सही होती आणि त्याखाली ताईंचीही.

आता सहा केमो संपल्या. शेवटचं स्कॅन स्वच्छ आहे. डॉक्टर सान्याल, ती नर्स आणि ते झाड, तिघांची मी ऋणी आहे. झाडात औषध आहे ह्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. माझा नवरा त्याच्या जोरावर चालतो-बोलतो आहे. राग आहे तो आमच्या अडाणी हौसेचा, आणि "नैसर्गिक आहे, अपाय नाही" असं सांगत फिरणाऱ्या प्रत्येकाचा. तो राग मी जपून ठेवणार आहे.

गेल्या रविवारी मी तो जुना फोटो शोधून काढला आणि त्याच ग्रुपवर, त्याच फोटोखाली हे सगळं लिहिलं. काहीही न लपवता. पहिल्या वेळी फोटोला जेवढे अंगठे आले होते त्याच्या निम्मेही आले नाहीत. पहिलं उत्तर आलं न्यू टाउनच्या गोखले काकूंचं: "छान माहिती. मग गुळवेल चालेल का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढं सगळं वाचून हा प्रश्न? मी उत्तर लिहायला घेतलं, चांगलं खरमरीत. अर्ध्यावर बोट थांबलं. गुळवेल चालेल का, हे कुणी उगीच विचारत नाही.

मी लिहिलेलं पुसलं आणि त्यांना फोन लावला. "काकू, घरात कुणाला काय झालंय?"

काकूंचा आवाज एकदम बारीक झाला. "मलाच. छातीत गाठ आहे. अजून कोणाला बोलले नाही. मुलगा आणि सून ऑफिसात असतात, उगाच कशाला त्यांना."

माझा आवाज चढला होता तो मी खाली आणला. ह्या दुखण्यात मला एवढं एकच नवीन जमायला लागलं आहे.

"कागद-पेन घ्या काकू," मी म्हणाले. "आणि सकाळी उठल्यापासून काय काय पिता, ते मला सांगा."