मोसंबीची पिशवी

मोसंबीच्या सालीचा वास बोटांना लागला की मला जालन्यातल्या दवाखान्याचा तो बाक आठवतो. तेव्हा माझी झोप उडाली होती आणि छातीत सारखी धडधड व्हायची. पहिल्या समुपदेशकानं नुसता उपदेश पाजला, म्हणून मी पुन्हा कुठं जायला तयार नव्हतो. पण दाजी, माझ्या बहिणीचे यजमान, ऐकेनात. "तो जमला न्हाई ना, मंग दुसरा बघू," म्हणाले. वाटेत त्यांनी मोसंबी घेतली. "कुणी भेटलंच तर पेशंटला बघायला आल्तो म्हणू." दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, दुसऱ्या समुपदेशकाच्या खोलीबाहेरच्या बाकावर माझा पाय थांबत नव्हता, उठून जिन्यापर्यंत जायचो, परत यायचो. तेवढ्यात बाजारातला ओळखीचा व्यापारी वर आला. "कोण ॲडमिट हाये?" दाजी गडबडले. मी त्याच्या हाताकडे बघितलं, तर तिथंही मोसंबीची पिशवी. आणि त्या मजल्यावर खाट तर एकही नव्हती. "मीच," माझ्या तोंडून निघालं. तो माझ्या शेजारी येऊन बसला. आतून हाक आली तेव्हा मी उठलो, आत गेलो, आणि पुढंही जात राहिलो. आता दुसऱ्या कुणाला तिथं सोबत घेऊन जातो तेव्हा मोसंबी मीही घेतो, पण ती तिथंच बाकावर बसून सोलतो.