वांझ म्हणून विकलेली मेंढी

देवासला ढोरांच्या दवाखान्यात माझे यजमान चाकरीला होते. दुपारी त्यांची भाकरी घेऊन गेले की ओसरीवर एक परगावचे डाक्टर दिसत. नाव मला कधी कळलं नाही. खाटकाकडून आणवलेली मेंढ्यांची बोराएवढी अंडाशयं ते पातळ सुरीने चिरत आणि मधूनमधून धोतराच्या सोग्याला चष्मा पुसत.

एकदा टोंकखुर्दचा एक धनगर आपल्या मेंढीचं काय चिरतात ते बघायला थांबला. म्हणाला, "बांझ थी, साब. बेच दी."

डाक्टरांनी चिरलेली फोड त्याच्यापुढे धरली. "ही ताजी खूण गुलाबी, या जुन्या पांढऱ्या. माजावर आली तेव्हा तेव्हा हिचं अंडं सुटलंय. हिने आपलं काम केलं. मेंढ्याला कोणी तपासलं?"

धनगर हसला. "मेंढो भी कदी बांझ होय कंई, साब?"

चिरलेल्या फोडींचं तसराळं धरून उभे असलेले माझे यजमान त्याच्याहून मोठ्याने हसले. डाक्टरांनी नुसता चष्मा पुसला.

माझी कूस उजवली नव्हती. त्याच वर्षी यजमानांनी मनावर गावाहून सवत आणली. आता घरात आम्ही दोघी वांझ आहोत.