जाळीच्या कपाटाची अट

आमच्या सोसायटीने जिन्यातल्या बोर्डावर नोटीस लावली की यापुढे कुणाच्या दाराबाहेर चपलांचा स्टँड दिसला तर उचलून नेला जाईल, आणि तिथून माझ्यामागे साडेसाती लागली. तसा आमचा स्टँड कुणी फुकटही नेला नसता. लोखंडी होता. बोईसरला एका बाजूने समुद्राची खारी हवा, दुसऱ्या बाजूने कंपन्यांचा धूर, लोखंडाची बघता बघता चाळण होते. मी म्हटलं, स्टेशनजवळ प्लास्टिकचा मिळतो, आत्ता घेऊन येते.

"प्लास्टिक?" आमचे हे म्हणाले. "घरात शिरल्या शिरल्या तीच वस्तू दिसणार. काहीतरी जुनं घेऊ. सागवानी. अँटिक."

हे कंपनीत मेंटेनन्सला आहेत. दिवसभर मशिनं दुरुस्त करायची आणि घरी येऊन मोबाइलवर लोक जुनी कपाटं घासूनपुसून कशी चकाचक करतात ते बघत बसायचं. नोकरीपायी साताऱ्याहून इकडे येऊन वीस वर्षं झाली. वीस वर्षांत या माणसाने घरात एक खुंटी स्वतःहून ठोकली नाही. आणि आता अँटिक! बरं, हौस यांची, पण पाय मोडायचे माझे, कारण "तुझ्या पसंतीने घेऊ" हे पालुपद होतंच.

पहिला रविवार बोईसरच्या एका दुकानात गेला. दुकानदार म्हणाला, "भाभी, सौ साल पुराना है, राजा लोगों का." मी दार उघडून आत डोकं घातलं तर ताज्या पॉलिशने डोळ्यांतून पाणी. मागची बाजू बघितली तर प्लायवूड. म्हटलं, "राजा के टाइम में प्लाय मिलता था क्या?" दुकानदार हसला, आमच्या ह्यांनी मला कोपर मारलं. नंतर रस्त्यात मलाच ऐकवलं की असं तोंडावर बोलू नये, भाव बिघडतो. अहो, वस्तूच खोटी, तिचा भाव कसला बिघडतोय!

मग वाणगावला कुणाकडे खरंच जुनं कपाट निघालं, पण एवढं मोठं की त्यात आम्ही दोघं राहिलो असतो. हे टेप लावून मोजत होते. "दार काढलं तर जाईल आत," म्हणाले. मी विचारलं, "कपाटाचं दार?" तर म्हणे, "घराचं." पालघरला एक बरं दिसलं, ह्यांनी कौतुकाने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि खाली पिठाचा ढीग पडला. वाळवी. "औषध मारू," म्हणाले. मी सरळ जाऊन मोटारसायकलवर बसले. घरात चपला अजून वर्तमानपत्रावर, मी रोज त्यात अडखळत होते.

चौथ्या रविवारी माहीम, मुंबईचं नव्हे, पालघरजवळचं. ह्यांच्या कंपनीतल्या कुणीतरी सांगितलं होतं की तिथल्या एका वाडीत एक म्हातारी जुनं कपाट विकायला काढतेय. भर दुपारी पोचलो. पोटात कावळे ओरडत होते. घराचं नवं बांधकाम झालेलं, मुलाने आत ट्रॉल्यांचं स्वयंपाकघर करून घेतलेलं, त्यामुळे कपाट बाहेर पडवीत आलं होतं. कमरेपेक्षा थोडं उंच, तीन फळ्या, दोन्ही दारांना बारीक जाळी. फ्रिज नव्हते तेव्हा दूध-दही, उरलंसुरलं अन्न ठेवायचे ना, तसलं. खरं सांगते, देखणं होतं. ह्यांचा तर चेहराच खुलला. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "जाळी बघ. चपलांना हवा लागते. वास कोंडणार नाही." आणि फोनला रेंज नाही म्हणून टेम्पोवाल्याला गाठायला रस्त्यावर गेले.

हे गेले आणि आजी बाहेर आल्या. ऐंशीच्या आसपास, ठेंगण्या, नजर मात्र करवतीसारखी. किमतीचं बोलल्याच नाहीत. आधी मला आपादमस्तक बघितलं आणि विचारलं, "काय ठेवशील यात?"

मी म्हटलं, "अं... सामान."

"कसलं सामान? मागं एक जोडपं आलं होतं. चपलांना बरं हाय म्हनाले. तसंच परत धाडलं. माज्या सासूनं यात अन्न ठेवलं, मी ठेवलं. आमी यात उष्टा हात घातला नाय कदी. चपला ठेवनार असशील तर तुला पन नाय देनार. सांग."

आता मी काय करायला हवं होतं ते मलाही कळतं. पण चार रविवार! चार रविवार मी त्या मोटारसायकलवर धूळ खाल्ली होती. नाही म्हटलं असतं तर पाचवा रविवार, सहावा रविवार, डहाणूपर्यंत सगळी पडवी अन् पडवी बघायला लागली असती. माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही हो आजी, चपला कशाला? डाळी-कडधान्यं ठेवीन."

आजींचा चेहरा निवळला. आत जाऊन मूठभर तांदूळ आणले आणि वरच्या फळीवर ठेवले. "रिकामं धाडू नये," म्हणाल्या. लेकीची पाठवणी केल्यासारखा जाळीवरून हात फिरवला. "आनि पायाखाली पान्याच्या वाट्या ठेव हां. मुंग्या चढत नायत." आम्ही निघताना माझा फोन नंबर आणि पत्ता मुलाकडून लिहून घेतला.

ह्यांना यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाले असते, "मग डाळीच ठेव की," आणि चपलांसाठी पुन्हा अँटिक शोधायला निघाले असते. ते तांदूळ मी घरच्या डब्यात मिसळले. पहिल्यांदा चपला आत ठेवताना हात अडला माझा. पण ह्यांनी तोवर आपले सेफ्टी शूज खालच्या फळीवर ठेवूनही टाकले होते. म्हटलं, कोण बघतंय माहीमहून!

बघत नव्हत्या, पण फोन करत होत्या. आठवड्याच्या आत पहिला फोन. "कपाट रुजलं काय तुज्याकडं?" वाडीतली माणसं, झाड लावल्यासारखं विचारलं. म्हटलं, रुजलं. "वाट्या ठेवल्यास?" ठेवल्या. "तूरडाळ कुठल्या फळीवर?" मधल्या. मधल्या फळीवर माझ्या सँडल होत्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा. मूग ठेवलेस का, मटकी ठेवलीस का. सगळं "हो, हो" म्हणत गेले तर एकदा म्हणाल्या, "मुंग्या अजिबात नाय?" आवाजात संशय होता. मला वाटलं, एवढं सुरळीत कुणाचंच नसतं, काहीतरी सांगायला हवं. म्हटलं, "आल्या होत्या थोड्या. मसुरीला."

झालं! हात दाखवून अवलक्षण. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन, हळद टाक. संध्याकाळी फोन, गेल्या का? तिसऱ्या दिवशी फोन, नसतील गेल्या तर लवंगा ठेव. मुलाला ऑफिसला उशीर करून त्याचा फोन घेऊन बसत होती ती बाई, माझ्या नसलेल्या मसुरीतल्या नसलेल्या मुंग्यांसाठी. भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी गत. शेवटी "गेल्या हो आजी, सगळ्या गेल्या," असं जवळजवळ ओरडूनच सांगितलं. त्या हळूच म्हणाल्या, "बरं झालं बाय. माजा जीव लागून ऱ्हायला होता." फोन ठेवल्यावर मी स्वतःवरच चिडले, आणि मग ह्यांच्यावर, कारण ते समोर होते.

मग एका रविवारी मी भाकऱ्या थापत होते आणि बेल वाजली. दार ह्यांनी उघडलं. मला आजींचा आवाज ऐकू आला, इथे जवळच सालवडला नातीकडे आल्या होत्या, म्हटलं कपाट बघून जाऊ. पिठाचे हात तसेच घेऊन मी धावले. पण आमचे हे! एरवी पाहुणा आला की पेपरात तोंड खुपसून बसणारा माणूस, त्या दिवशी अंगात यजमान संचारला होता. "आजी, चपला बाहेर नका काढू, सोसायटीवाले ओरडतात," म्हणाले. "इथे ठेवा. तुमचंच कपाट आहे." आणि दोन्ही दारं उघडून बाजूला झाले.

खाली ह्यांचे सेफ्टी शूज, चिखलाचे. मध्ये माझ्या सँडल. वरच्या फळीवर बाथरूमच्या स्लिपर.

आजी बघत राहिल्या. त्यांच्या एका हातात स्वतःच्या चपला होत्या आणि दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीत वाल होते, त्यांच्या शेतातले, कपाटात ठेवायला आणलेले. मला लाज वाटली. सरळ सांगते, इतकी लाज वाटली की पिठाचे हात कुठे लपवू ते कळेना. त्यांनी पिशवी माझ्याकडे दिली. चपला परत दाराबाहेर नेऊन जिन्याच्या कडेला नीट जोडून ठेवल्या आणि आत येऊन बसल्या. पाणी प्यायल्या.

"आजी, चुकलं माझं," मी म्हटलं. "जागाच नव्हती हो."

"चपला ठेवल्यास तर ठेवल्यास," त्या म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या, तेच सहन होत नव्हतं. "कपाट आता तुजं. पन पोरी, मी घरात सगळ्यांस्नी सांगत होते, तिच्या मसुरीला मुंग्या लागल्या, मला विचारते हाय. माज्या घरात आता कोन काय विचारत नाय मला. ते कशाला खोटं सांगितलंस?"

हे आजींकडे बघत होते, मग माझ्याकडे बघायला लागले.

"कसली मसूर गं?" म्हणाले.