टोमॅटोची अढी

ऐंशीच्या दशकात मी रत्नागिरीच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. रसायनशास्त्राचे सर एकदा शिकवताना म्हणाले, "अल्कलॉइड म्हणजे झाडाचा केरकचरा. कडू, बहुतेक वेळा विषारी. बाहेर टाकता येत नाही म्हणून झाड ते साठवून ठेवतं."

वर्गात आम्ही तिघीच मुली. तोवर मी कधी तोंड उघडलं नव्हतं, पण त्या दिवशी राहवेना.

"सर, कच्च्या टोमॅटोत अल्कलॉइड असतं ना? मग टोमॅटो पिकल्यावर तो कचरा जातो कुठे?"

मागच्या बाकांवर हशा पिकला. सर मात्र गंभीर झाले. म्हणाले, "मला नाही माहीत. तूच बघ शोधून."

आमच्या परसात आत्याने टोमॅटो लावले होते. मी काही हिरवे, काही तांबूस, काही लालबुंद असे खुडून कॉलेजात नेले. प्रत्येकाचा सारखाच गर घेऊन वाटला, सौम्य आम्लात घोळवला, गाळला. लाल रंग गाळणकागदावरच राहिला. मग तिन्ही नळ्यांत अल्कलॉइड ओळखायच्या द्रावणाचे थेंब सोडले. हिरव्याच्या नळीत क्षणात नारिंगी साका, म्हणजे अल्कलॉइड आहे! तांबूसची नळी जेमतेम गढूळ. आणि लालची? नितळ!

"सर!" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या वर्गातून सर हातातल्या खडूसकट धावत आले. त्यांनी नळ्या खिडकीकडे धरून पुन्हापुन्हा पाहिल्या.

"छान. पण अल्कलॉइड फळातच मोडलं कशावरून? देठातून परत झाडात गेलं असेल."

घरी जाताना एसटीत डोक्यात तेवढंच घोळत होतं. उतरता उतरता सुचलं, देठच तोडला तर? मग झाडात परत जाणार कसं?

घरी पोचताच आत्याकडे पेंढा मागितला.

"कशाला गो?"

"टोमॅटोची अढी घालायचीय."

"आंब्याची घालतात. टोमॅटोची कसली अढी? लोकं हसतील हो!" असं म्हणत तिनेच पेंढा काढून दिला.

पुरते वाढलेले, पण हिरवेगार टोमॅटो खुडले. त्यातले काही लगेच तपासले, साका धरतोय याची खात्री केली. बाकीचे पेंढ्यात. रोज उठल्याबरोबर मी हात घालून चाचपायची आणि आत्या ओरडायची, "सारखी उकरू नको, पिकायचे नाहीत!"

पिकले. डबा भरून कॉलेजात नेले तर टेबलाभोवती अर्धा वर्ग जमलेला. गर वाटून, गाळून मी द्रावण सोडू लागले. एक थेंब, दोन, तीन. पाणी नितळ ते नितळच.

सरांनी टेबलावर थाप मारली. "देठ नाही, मूळ नाही, जाणार कुठे? फळानेच मोडलं, आतल्या आत! अरे, केरकचरा कसला, हा तर जिवंत कारभार आहे!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी साऱ्या वर्गाला वहीतला 'केरकचरा' शब्द खोडायला लावला.

पुढे मुंबईहून येताना सरांनी एका जुन्या लेखाची झेरॉक्स आणली. टोमॅटो पिकताना हे अल्कलॉइड मोडतं, हे कुणीतरी आमच्या कितीतरी आधी दाखवलं होतं. मी हिरमुसेन म्हणून ते कागद देताना चाचरत होते.

मी वाचलं आणि जागच्या जागी उडीच मारली. "सर, म्हणजे आपलं बरोबर आलं!"