सगळ्यांचं रक्त मागणारी आत्या

गिरणगावात पोलिसांपेक्षा जास्त धाक कुणाचा असेल, तर तो माझ्या डॉक्टर आत्याचा. करी रोडला तिचा दवाखाना होता. खोकला, खरूज, मुरगळलेला पाय, काहीही घेऊन जा, ती आधी विचारायची, "बायको गावाला असते की इथे?" आणि उत्तर येईपर्यंत दंडाला रबरी नळी बांधूनही झालेली असायची. गिरणीतली माणसं बायकापोरं गावी ठेवून खाणावळीत जेवायची. गरमीचा गुप्तरोग खोल्याखोल्यांतून होता आणि त्याचं नाव कुणी घेत नव्हतं. "माणूस खोकला दाखवतो आणि खरं दुखणं खिशात ठेवतो," असं ती म्हणे. एकदा ओळखीचा मुलगा लग्नाची पत्रिका द्यायला आला, तर त्याचं रक्त काढून घेतल्यावर मगच तिने त्याचं अभिनंदन केलं. आवाज तर असा, की आत तिने एकाला जुलाबाचं विचारलं की बाहेरच्या बाकावरची माणसं उत्तर देत.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली तेव्हा मी तिच्याकडे राहून शाळेत शिकवत होते. डिलाईल रोडवरच्या एका मालवणी साचेवाल्याची, म्हणजे गिरणीत माग चालवणाऱ्याची, बायको पोटुशी होती. आधीची दोन्ही मुलं मेलेलीच जन्मली होती. यंदाही तसंच झालं तर हिला गावी धाडून दुसरी सून आणायची, असं सासूने ठरवून टाकलं होतं. आत्याने दोघांचं रक्त तपासलं, तर दोघांनाही गरमी. नवऱ्याला तिने एकट्याला बसवून सगळं सांगितलं, बायकोला मात्र बाळाच्या ताकदीसाठी म्हणून सांगितलं, आणि दोघांना पेनिसिलिनच्या सुया सुरू केल्या. थोडे दिवस तो आला. मग स्वतःही येईना आणि बायकोलाही पाठवेना.

हरताळाच्या दिवशी आत्या बॅग घेऊन त्याच्या चाळीकडे निघाली. नाक्यावर बंदूकधारी पोलीस, दुकानं बंद. मी धावतच तिच्या मागे गेले. चाळीसमोर गर्दी होती आणि बाकड्यावर उभा राहून तोच साचेवाला घोषणा देत होता. कुणी जखमी झालं असावं अशा समजुतीने लोकांनी तिला वाट करून दिली. तिला पाहताच त्याची घोषणा अर्ध्यावर तुटली. आता ही सगळ्यांसमोर काय बोलणार, या भीतीने त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"तुझ्या बायकोला सुई टोचताना तिचा हात धरायला माणूस लागतो," आत्या म्हणाली. "चल. घोषणा नंतर दे."

तो बाकड्यावरून खाली उतरला.

घरी सासू दार अडवून उभी. दोष कुणाचा, ते आधी सांगा म्हणाली.

"बाळात रक्त दोघांचं जातं. म्हणून सुई दोघांना," आत्या बॅग उघडत म्हणाली. "तुम्हालाही एक देऊ?"

सासू स्वयंपाकाकडे वळली. त्यानंतर आत्या रोज स्वतःच तिकडे जात राहिली. मुलगी झाली, आणि तिचं रडणं ऐकून साचेवाला जिन्यातच बसून राहिला.

आत्या वारली त्या दिवशी साचेवाल्याची बायको माझ्याशेजारी येऊन बसली. मग हळूच म्हणाली, "त्यो सुयो कसल्यो, ता माका तेव्हाच ठावक होता. बाईंका वाटायचा, हिका काय कळाक नाय. म्हटलंय, वाटांदे."