पेटीची चार भोकं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. देवापुढे हात जोडतानाही हा विषय मी शिताफीनं टाळत आलो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि एकदा लिहून झालं की मला माघार घेता येणार नाही. माघार घेण्यात मी पटाईत आहे, म्हणून ही व्यवस्था.

आधी माझं काम सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. चाकणच्या एका कंपनीत मी लीक टेस्टिंगला आहे. पार्टमध्ये हवा भरायची, तो पाण्यात बुडवायचा आणि बघत बसायचं. बुडबुडा आला की पार्ट रिजेक्ट. माझं नाव दत्तू, पण तिथं सगळे मला ‘बुडबुडा’ म्हणूनच हाक मारतात. आता पार्ट रिजेक्ट झाला तर दोष कुणाचा? आमचा कधीच नसतो. ज्यानं माल पाठवला त्याचा. हे वाक्य आमच्याकडे इतक्यांदा बोललं जातं, की ते आपोआप तोंडात येतं. एवढं लक्षात ठेवा.

राहायला मी जवळच निघोज्यात, हौसामावशींच्या वरच्या खोलीत. माझं गाव परभणीकडचं. इथं आलो तेव्हा ओळखपाळख नसताना या बाईनं मला खोली दिली. त्यांची जमीन कंपन्यांत गेली, गोठा पाडून मुलानं भाड्याच्या खोल्या काढल्या. स्वतःचं म्हणावं असं त्यांच्याकडे एवढंच उरलं होतं — मागचं खुराडं, थोड्या गावरान कोंबड्या आणि एक तांबडा कोंबडा. पण त्या खुराड्याचं नाव होतं. कोंबडी खुडूक झाली, की तिच्याखाली बसवायला अंडी न्यायची ती मावशींकडूनच, असं आसपासच्या बायकांचं ठरलेलं. हौसाबाईचं अंडं वाया जात नाही म्हणायच्या. मावशी त्यावर नुसता पदर सारखा करत.

त्या हिवाळ्यात बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती. हातात मोकळा वेळ आणि मोबाइल — माणसाला बिघडायला आणखी काय लागतं? अंडी उबवायची पेटी घरी कशी करायची, याचे व्हिडिओ मी बघत सुटलो. औषधाच्या दुकानातून थर्माकोलचं खोकं आणलं. त्यात बल्ब, थर्मोस्टॅट, जुन्या कॉम्प्युटरचा पंखा, पाण्याची वाटी. सांगितल्याप्रमाणे बाजूंना स्क्रू-ड्रायव्हरनं चार भोकं पाडली. मावशींनी अंडी अर्धलीनं दिली, म्हणजे निघतील त्यातली निम्मी पिलं त्यांची, निम्मी माझी. एकेक अंडं उजेडात धरून, नीट बघून त्यांनी माझ्या हातात ठेवलं.

ती चार भोकं मला सहन होईनात. तुम्ही हसाल, पण मला खरंच त्यांच्याकडे बघवेना. त्यात थंडी वाढली, पेटीतला पारा उतरायला लागला, बल्ब सारखा पेटलेलाच. मला एकच गोष्ट दिसत होती — लीकेज. मी चारही भोकांवर टेप मारली. झाकणाच्या फटीलाही मारली. पारा जागेवर बसला आणि माझी छाती फुगली. अंडी फिरवायला दिवसातून तीन-चारदा झाकण उघडावं लागायचं, तेवढी हवा आत जायची, म्हणून काही बिघडलं नाही. मोबाइलचा टॉर्च लावून मी अंड्यांत बघायचो. आधी लाल शिरा दिसल्या, मग हलणारी काळी सावली. मावशी रोज विचारायच्या. मी म्हणायचो, आता एकदम पिलंच दाखवतो. फुशारकी, दुसरं काय?

शेवटच्या दिवसांत अंडी फिरवायची नसतात, पेटी उघडायचीही नसते. मी टेप नव्यानं, दुहेरी मारली. पिलं निघायच्या दिवशी सकाळी कामाला निघताना खोक्याला कान लावला, तर आतून आवाज येत होता. बारीक, दबलेला, कवचाच्या आतला. आणि एकाचा नाही, बऱ्याच जणांचा. मी खुशीत कंपनीत गेलो. ओव्हरटाइमलाही थांबलो.

संध्याकाळी आलो तर पेटी गप्प.

झाकण काढलं तशी कोंदट, गरम वाफ तोंडावर आली. दोन-तीन अंड्यांना चोचीनं पाडलेला तडा होता, बाकीची अखंड. एक फोडलं. दुसरं फोडलं — बघा, सांगायचं टाळतोय. सांगतो. प्रत्येक अंड्यात पूर्ण झालेलं पिलू होतं. पिसं, चोच, नखं, सगळं जागच्या जागी. गुदमरून मेली होती. कारण शोधायला मला व्हिडिओ लागला नाही. दिवसभर मी तेच तर तपासून आलो होतो. माझ्या पेटीला कुठंही लीकेज नव्हतं.

इथं थांबलो असतो तर ही नुसती चूक ठरली असती.

मी सगळं पिशवीत भरलं, मागच्या मोकळ्या प्लॉटवर खड्डा करून पुरलं. टेप सोलून काढली. हात धुतले. पुढं आलो तर ओट्यावर मावशी आणि गावातल्या चार बायका बसलेल्या. मावशींनीच त्यांना पिलं बघायला बोलावलं होतं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी म्हणालो, “मावशी, अंडीच खराब होती. एकसुद्धा फळलेलं नव्हतं. तुमच्या कोंबड्यात दम राहिला नाही.”

विचार करावाच लागला नाही. मालाचा दोष.

एक बाई हसली. मावशींनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, “व्हय? मला न्हाई आसं वाटलं कधी. पर तू शिकल्याला हायेस. तू म्हंतोस तर आसंल.”

त्याच रविवारी तांबडा कोंबडा कापला. वाटीभर रस्सा माझ्याकडेही आला. मी काय केलं असेल? परत पाठवला असेल? मी तो खाल्ला. वाटी घासून परत दिली.

तरीही वेळ गेली नव्हती. मी मात्र भोकं मोकळी ठेवून पेटी पुन्हा लावली आणि देहूकडच्या एका माणसाची अंडी आणली. जवळजवळ सगळी पिलं निघाली. झालं! बायका म्हणायला लागल्या, बघा, पेटी चांगलीच होती, हौसाबाईचीच अंडी वांझ. मी तिथंच उभा होतो आणि एक शब्द बोललो नाही. आणि मावशी? माझ्या पिलांना मूठभर कण्या घेऊन आल्या. खाली बसून त्यांनी त्या हळूहळू टाकल्या. मला माझी लाज वाटली. पण नुसती लाज वाटून मावशींच्या हाती काय पडणार होतं?

पुढं त्यांच्याकडे अंडी न्यायला कुणी आलं नाही. कोंबड्या त्यांनी एकेक करून देऊन टाकल्या. खुराड्याच्या जागी आता भाडेकरूंच्या मोटरसायकली लागतात. त्यात माझीही आहे. तेव्हा जन्मलेली माझी लेक आता शाळेत जाते, म्हणजे इतकी वर्षं मी तिथं गाडी लावतो आहे. माझ्याकडे मोठी पेटी आली. लोक लांबून पिलं न्यायला येतात आणि माझ्या हाताला गुण आहे म्हणतात.

परवा एका नव्या भाडेकरणीनं मावशींना विचारलं, दोन कोंबड्या पाळायच्या आहेत, काय काय लागतं? मी गाडी पुसत होतो. मावशी म्हणाल्या, “मला न्हाई त्यातलं कळत, बाय. दत्तूला इचार.”

माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

आज गुरुवार, कंपनीला सुट्टी. खाली ओट्यावर मावशी वाल सोलत बसल्या आहेत आणि त्याच बायका भोवती आहेत. हे लिहून झालं की मी खाली जाणार. मावशींना बाजूला बोलावणार नाही. खोटं चारचौघींत बोललो, तर खरंही चारचौघींतच बोलायला हवं. थंडीचं, व्हिडिओचं, कंपनीच्या सवयीचं काही सांगणार नाही. त्या काय म्हणतील, खोली ठेवतील की नाही, ते त्यांचं त्या बघतील. माझी वाक्यं ठरली आहेत आणि ती मी मध्ये न थांबता बोलणार आहे — मावशी, तांबड्यात काही कमी नव्हतं. तुमच्या प्रत्येक अंड्यात पिलू होतं. ती मी मारली, आणि नाव तुमचं घेतलं.