आईचे सत्यनारायण

बारावीनंतर मी शिरूरहून रोज दौंडला डी.एड.ला जायचे, तेव्हा माझं खरं वैर एसटीच्या सीटशी होतं. पाळीच्या दिवसांत आईच्या जुन्या साड्यांच्या घड्या कितीही जाड घेतल्या, तरी दौंड येईपर्यंत जीव मुठीत. उतरताना दप्तर मागे धरायचं आणि सीटकडे हळूच वळून बघायचं. एकदा पाठ घेता घेता फळ्यासमोरच चक्कर येऊन पडले. वडील म्हणाले, "आता अजून एकदा पडलीस तर कॉलेज बंद." बंद म्हणजे पुढे स्थळं बघणं, हे मला न सांगता कळत होतं.

आईने शिरूरच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्यांनी तपासलं, रक्त कमी निघालं. त्यांनी गोळ्यांचं पाकीट लिहून दिलं आणि म्हणाल्या, "पाळणा लांबवायच्याच गोळ्या आहेत, पण यानं अंगावरून जाणंही कमी होतं." आईचा चेहरा पडला. लग्न न झालेल्या पोरीच्या हातात पाळण्याच्या गोळ्या!

पण आई बिलंदर. गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलायला गल्लीतल्या बायका गोळ्या घ्यायच्याच, आणि त्याला कुणी नावं ठेवत नसे. देवाच्या कामाला सगळं माफ. तिने घरीदारी सांगून टाकलं, "पूजा घालायचीय, म्हणून पोरीला गोळ्या." बोलल्यावर पूजा घालणं आलं. पुढच्या महिन्यात परत. गोळ्या थांबेनात, तसे सत्यनारायणही थांबेनात. मी मात्र टुणटुणीत झाले. पाळी यायची आणि चहा पिऊन उठणाऱ्या पाहुणीसारखी निघून जायची. वडील प्रसादाच्या शिऱ्याला कंटाळले, पण देवापुढे बोलणार काय?

अशाच एका पूजेला दौंडची थोरली आत्या, म्हणजे वडिलांची मोठी बहीण, आली आणि राहिली. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात तिने मला गोळी घेताना पाहिलं.

"पूजा तर काल झाली. मग आज गं कशाला खातीस?"

आईचं लाटणं थांबलं. आत्याने पाकीट उलटसुलट करून पाहिलं. "ह्या तर माझ्या सुनंच्या गोळ्या!"

हिने भावाला एक शब्द सांगितला की संपलं माझं डी.एड. आईने एका दमात सगळं खरं सांगून टाकलं.

आत्या म्हणाली, "मला बी असंच अंगावरनं जायचं. धाकटा झाल्यावर डॉक्टर म्हनला, पिशवी काढा. काढली. अशी गोळी असती, हे कुनी सांगितलंच न्हाई गं मला." मला रडूच आलं. तिने पाकीट माझ्या हातात कोंबलं.

तेवढ्यात बाहेरच्या ओट्यावरून वडिलांनी विचारलं, "आक्का, काय चाललंय आत?"

"काय न्हाई रं," आत्या ओरडली. "पोरगी मास्तरीण होईस्तवर दर म्हयन्याला सत्यनारायण घालायचा. म्या नवस बोललीय!"